उजव्या सीटचा बिघाड

विमानाच्या पॅनेलखाली काम करायचं म्हणजे बाईमाणसानं आधी लाज गुंडाळून ठेवायची. पाय सीटवर, डोकं खाली पेडलांपाशी, तोंडात टॉर्च आणि नाकावर वायरींचा झुपका. मी अशी उलटी लटकलेली असताना माझे मामा शेजारच्या सीटवर बसून माझ्या पायांवर आपल्या खांद्यावरची दस्ती पांघरत होते.

"बाई, नीट झाक. मैदानात ढोरं चारनारे लोकं हायेत."

तोंडात टॉर्च होता म्हणून, नाही तर ऐकवलं असतं.

आदिलाबादबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर आमच्या कंपनीचं चार सीटचं विमान उतरलं होतं, वरून जमिनीचे फोटो काढायला. तिथं त्याचं ऑडिओ पॅनेल बंद पडलं. विमानातलं सगळं बोलणं या डब्यातून जातं. रेडिओ, इंटरकॉम, हल्ली तर कॅप्टनच्या मोबाईलचा आवाजसुद्धा त्यातूनच हेडसेटमध्ये येतो. नवीन पॅनेल बसवायला हैदराबादहून मला धाडलं, कारण मी इथलीच, मामांकडं राहीन. निघताना मोठ्या साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, हे काम एकटीनं तडीस नेलंस तर नोकरी पक्की, नाही तर आम्ही दुसरा माणूस बघू. दोन वर्षं या साहेबांच्या हाताखाली काढली, पण 'येस सर'च्या पलीकडं माझी गाडी कधी गेली नाही. धसकाच होता त्यांचा.

वायरिंग झालं. आता खरी परीक्षा इंजिन चालू करून, कारण त्या घरघराटात शेजारच्याचंही इंटरकॉमशिवाय ऐकू येत नाही. कॅप्टन डाव्या सीटवर बसणार, मी बाहेर आगीचा सिलेंडर घेऊन उभी राहणार, मग उजव्या सीटवर कोण? मामा माझा जेवणाचा डबा घेऊन आलेलेच होते.

"मुआयन्याले मी बसतो," ते म्हणाले. मुआयना म्हणजे तपासणी. तहसीलमधून रिटायर होताना मामांनी बाकी सगळं ऑफिसात जमा केलं, हा शब्द तेवढा घरी आणला. भाजी निवडतानाही मामींचा मुआयना होतो.

इंजिन सुरू झालं. काचेतून मला दिसत होतं, कॅप्टनचे ओठ हलले, मामांचे हलले, कॅप्टनच्या कपाळाला आठी. परत तेच. इंजिन बंद करून कॅप्टन खाली उतरले. दिल्लीकडचे गृहस्थ, रागावले की फक्त इंग्रजी. उजवी बाजू खराब आहे म्हणाले, यांना माझं काहीच धड समजत नाही.

मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, खरं सांगा. आयकू येत नाही ना?"

"खणखणीत येते! जसा कानात बसून बोलून राह्यला."

मला वाटलं, झालं, भाचीची नोकरी वाचवायला मामा खोटं बोलतायत. त्यांचा भरवसा नाही. मी दहावी पास झाले तेव्हा त्यांनी इचोड्याच्या बाजारात मी जिल्ह्यात पहिली आले असं सांगून पेढे वाटले होते. मी शाळेत पहिली नव्हते.

पुन्हा उलटी लटकले. उजव्या सीटचं सॉकेट काढलं, ते विमानाच्या पत्र्याला टेकू नये म्हणून घातलेल्या चकत्या बघितल्या, जाग्यावर होत्या. माइकच्या वायरीवर जाळी असते, ती एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची, दोन्हीकडं जोडली की कानात भुणभुण. तीही बरोबर. सोल्डरिंगचा एकेक टाका बघितला. कपाळ माझं, बिघाड सापडला तर दुरुस्त करू ना!

दुसऱ्यांदा इंजिन चालू झालं आणि कॅप्टनचा चेहरा लाल झाला. मामाही फुगून खाली उतरले. "हा मानूस एकच गोष्ट दहा खेपा काऊन इचारते?"

"तुमी गप बसा हो मामा!" मी त्यांच्यावरच खेकसले. डोकं फिरलं होतं माझं.

शेवटी कॅप्टन म्हणाले, साहेबांनाच ऐकवतो. फोन लावून मोबाईल पॅनेलला जोडला, इंजिन बंदच ठेवलं, मामांना परत उजव्या आणि मला मागच्या सीटवर हेडसेट लावून बसवलं. साहेबांचा आवाज थेट कानात आला. कॅप्टन इंग्रजीत म्हणाले, "सर, उजवी बाजू बेकार. दुसरा माणूस पाठवा. तुम्हीच ऐका." मग मामांकडं वळून, "अंकल, कॅन यू हिअर मी?"

"हाव," मामा म्हणाले.

"इन द हेडसेट, अंकल! कॅन यू हिअर मी?"

"हाव!"

"ऐकलंत सर? मी विचारतो ऐकू येतं का, आणि हे मलाच विचारतात, हाऊ? हाऊ?"

अगं बाई! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडं 'हो' म्हणायला 'हाव' म्हणतात, आणि मी बावळट चकत्या मोजत बसले! मी तोंड उघडणार तेवढ्यात कानात कुणीतरी खो खो हसलं. ते साहेब होते.

"अरे बाप्पा, त्यो 'हाव' म्हनून राह्यला!"

"हाऊ, सर?" कॅप्टन गोंधळले.

"हाव!"

"तेच विचारतोय सर, हाऊ?"

साहेबांनी त्यांना सोडून दिलं. "काका, कोनतं गाव तुमचं?"

मामांनी गाव सांगितलं. साहेब निघाले वणीकडचे, पैनगंगेच्या पलीकडचे. मग काय विचारता! यंदा पऱ्हाटीला कापूस कसा, तुमच्याकडं पाणी किती पडलं, मामांच्या साळीचं, म्हणजे मेहुणीचं, सासर साहेबांच्या शेजारच्या गावात निघालं. दोघं नदीच्या दोन्ही काठांचा मुआयना करत होते आणि मी मागं जीव मुठीत धरून बसलेली. अरे, माझ्या नोकरीचं बोला ना कुणीतरी!

"पोरी," साहेब एकदम म्हणाले, "मांगं तूच हाय ना? आयकू येऊन राह्यलं का?"

"येस सर."

"येस सर काऊन? वायरिंग एकदम साफ हाय तुहं. नोकरी पक्की झाली तुही, समजलं?"

मला 'हाव' म्हणायचं होतं. दोन वर्षं ज्या माणसापुढं मी मनातल्या मनात इंग्रजी शब्द जुळवत उभी राहिले, तो माझ्या आईसारखं बोलत होता. 'हाव'च्या जागी हुंदका आला, नाक वाहायला लागलं. हा इंटरकॉम बटणाशिवाय, नुसत्या आवाजावर उघडतो, आणि मी तो फार चांगला जोडला होता.

कॅप्टननी लगेच पॅनेलला हात घातला. "सर, आता मागच्या सीटवरून खरखर येतेय."

मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"बिघाड नाही, सायेब," ते माइकमध्ये म्हणाले. "आमची बाई रडून राह्यली."