दोन इंटर्न आणि एक ट्रक

१२ सप्टेंबरची सकाळ. नळाला पाणी यायच्या आत हौद घासून घ्यायचा होता. हात हौदात होते आणि डोकं ऑफिसातल्या त्या पोरीवर जळत होतं. जळत होतं हाच शब्द बरोबर आहे, उगीच दुसरा शोधत नाही.

बीडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघी इंटर्न होतो. ती बावीस वर्षांची, धारूरकडची. मी सत्तेचाळीस. वीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. मुलं मोबाइलवरच सगळं शिकायला लागली तेव्हा क्लासला कुलूप लावलं, घरी बसून उरलेली पदवी पूर्ण केली आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या मालकाला ‘सर’ म्हणायला लागले. दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते आणि ते त्याच दिवशी ठरणार होतं. मला ती जागा हवी होती.

काम दोघींना एकच दिलेलं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. कुठल्या गावातून किती माणसं निघणार, कोण कुठल्या ट्रकमध्ये बसणार, हे टोळीच्या मुकादमाला मोबाइलवर लावता यावं असं ॲप करायचं होतं. कोड लिहून देणारा एआयही दोघींना सारखाच होता. फरक वागण्यात होता. मी त्याला आधी वहीत लिहून काढलेला मजकूर टाइप करून द्यायचे, शुद्ध, मुद्देसूद, क्लासमध्ये मुलांना सांगायचे तसा. ही इंग्रजी अक्षरांत धारूरची मराठी बडवायची. एकदा माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, “काकू, त्याला कावून एवढं कृपया कृपया करता? ते काय तहसीलदार हाय का?”

“तुला एरर येतात तेवढ्या मला येत नाहीत,” मी म्हणाले.

“येऊ द्या की. त्यालाच निस्तरायला लावते.”

आणि तो निस्तरायचा. मी एआयने दिलेली एकेक ओळ वाचून, समजून, मगच पुढं जायचे. ही न वाचता चिकटवायची आणि चहाला माझ्या आधी उठायची. जेवायच्या सुट्टीत सर तिच्या टेबलाशी थांबायचे, हसायचे. माझ्या टेबलाशी थांबले की “मॅडम, काही अडचण?” एवढंच. अडचण ती होती, पण तसं कसं सांगणार?

दुपारी चकलांब्याकडचे एक मुकादम आले. वयस्कर माणूस, बोलण्यात गोड. सरांनी त्यांना सांगितलं, तुम्ही दोन्ही ॲप वापरून बघा आणि कुठलं घ्यावं ते सांगा. माझं आधी दाखवलं. नावं भरली, गावं भरली, बटण दाबलं. ट्रकांची मांडणी समोर आली, एकही जागा रिकामी नाही. मी मनातल्या मनात कायम झाले.

मुकादमांनी चष्मा वर केला. “लई झकास. ताई, माणसं तर बसली सगळी. पण शेरडं?”

“शेरडं?”

“शेरडं, कोंबड्या, चूल, ज्वारीचं पोतं, खाट. का टोळीनं मोकळ्या हातानं जायचं, लग्नाच्या वऱ्हाडावाणी?”

सर हसले. मुकादमही हसले, पण बेतानं. माझ्या घरासमोरूनच ते ट्रक दरवर्षी जातात. वर खाटा उलट्या बांधलेल्या, फळीतून शेळीचं तोंड बाहेर आलेलं. जन्मभर पाहिलंय. पण जन्मभर पाहिलेलं कुणाला मुद्दाम सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. एआयला मी माणसं सांगितली, त्यानं माणसं बसवली.

तिच्या ॲपमध्ये प्रत्येक बिऱ्हाडापुढं सामान आणि जनावरांचा रकाना होता. लेकुरवाळ्या बाईला ट्रकच्या मागच्या टोकाला बसवायचं नाही, हेसुद्धा होतं. मुकादम म्हणाले, “हे द्या आमाला.”

संध्याकाळी सरांनी तिला कायम केल्याचं सांगितलं. मला म्हणाले, “मॅडम, दूध संकलन केंद्राचं एक काम येतंय. ते करून बघा, मग तुमचंही बघू.”

पायऱ्या उतरताना मी तिला गाठलं. “शेरडांचं तुला कसं सुचलं?”

“मला कुठं सुचलं, काकू? मी त्याला म्हणलं, कोड नंतर लिव. आधी तू मला इचार, तुला आमच्याकडचं काय काय म्हाईत न्हाई ते. त्यानंच इचारलं, लोकांसोबत सामान, जनावरं असत्यात का? मी म्हणलं, असत्यात की.”

एवढं सोपं. मी त्याला रोज शिकवत होते आणि ही त्याला प्रश्न विचारू देत होती. वीस वर्षांत वर्गात प्रश्न मीच विचारत आले, समोरच्यानं उत्तर द्यायचं. तिचं अभिनंदन केलं. हसूही आणलं. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “काय झालं?” मी म्हणाले, “पोरगी हुशार आहे,” आणि भाजी जरा जास्तच जोरात परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीआधीच लॅपटॉप उघडला. दूध केंद्राचं काम आहे एवढंच लिहिलं आणि म्हटलं, आता तू विचार. त्यानं विचारायला सुरुवात केली. म्हशीचं आणि गाईचं दूध वेगळं घेतात का? घेतात. एकाच घरातून दोघं वेगवेगळं दूध घालतात का? घालत असतील. केंद्रावर आल्यावर दूध खराब निघालं तर ते परत देतात, ओतून टाकतात की वेगळं ठेवतात?

ते मला माहीत नव्हतं. मी साडी बदलली, रांगेत वेगळी दिसू नये म्हणून किटली घेतली आणि स्कूटी काढली. केंद्राशी पोचते तोच तिचा फोन आला.

“काकू, आज उशीर? कुठं हायसा?”

“दळणाला आलेय,” मी म्हणाले, फोन पर्समध्ये टाकला आणि दूध घालणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.