आपण सरकी, बावा

मी बोलायला लागलो की तो माझ्या कॉलरवरचा कापूस वेचायचा. मुळात कापूस त्याच्या अंगावर असायचा. डोक्यावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर. कापसाच्या जिनिंग मिलमधली पाळी संपवून तेलंगणातल्या आमच्या जैनथच्या स्टँडजवळच्या हॉटेलात यायचा तेव्हा पीठगिरणीतून आल्यासारखा दिसायचा. बाकावर टेकला की त्यातला थोडा उडून माझ्यावर बसायचा. मी त्याला नफा म्हणजे काय, तो कुणाच्या घामातून निघतो, हे सांगत असायचो आणि तो दोन बोटांनी एकेक तंतू उचलत असायचा. मी चिडून थांबलो तर म्हणायचा, "बोल ना बावा, मी आयकून राह्यलो."

ऐकत होता, हे खरं. पटत नव्हतं असंही नाही. ते आपल्या कामाचं आहे असं त्याला वाटत नव्हतं, एवढंच. राजकारण निघालं की चहा सांगणारा असा एक मित्र तुम्हीही पाहिला असेल. आमच्या संघटनेच्या शिबिरात अशा माणसांसाठी एक जड शब्द शिकवतात. तो मी त्याला तोंडावर ऐकवला होता. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. तो म्हणाला, "हाव, तसाच हाय मी." आता यापुढे काय बोलायचं? ते शिबिरात शिकवलं नव्हतं.

आम्ही दोघं सातवीपर्यंत मराठी शाळेत एका बाकावर होतो. पुढची शाळा तेलुगू. त्याला ती झेपली नाही आणि तो जिनिंगमध्ये लागला. मी आदिलाबादला कॉलेजात गेलो आणि पत्रकं वाटायला लागलो. प्रत्येक पत्रक आधी त्याला द्यायचो. तो त्याची नीट घडी घालायचा, त्यात मोबाईल गुंडाळायचा आणि खिशात ठेवायचा. त्यामुळे मोबाईलमध्ये रुई शिरत नाही म्हणे. "तुमच्या पार्टीचा कागद जाड असते," असं कौतुकही करायचा. पार्टी नाही रे, संघटना, हे मी किती वेळा सांगितलं असेल.

मोर्चाला एकदाच आला, तोही मी हात जोडले म्हणून. दुपारभर पाण्याचा कॅन घेऊन फिरला, बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही पाणी पाजलं. घोषणा चालू असताना त्याचे नुसते ओठ हलत होते. मी विचारलं, तर म्हणाला, "येवढ्या लोकायचा आवाज होता, माया कायले पाह्यजे?"

आणि त्याचं ते वाक्य. जिनिंगच्या मशीनमध्ये कापूस गेला की रुई एकीकडे निघते, सरकी बाजूला गळून पडते. कुठलाही वाद निघो, घरातला, गावातला, निवडणुकीतला, तो हात झटकायचा आणि म्हणायचा, "आपण सरकी, बावा. बाजूले पडाचं." मिलमध्ये आणि स्टँडवर पोरं या वाक्याची नक्कल करायची. तोही हसायचा.

मागच्या हंगामात त्याने हॉटेलात एक गोष्ट सांगितली, हसत हसत. मशीनच्या रोलरमध्ये कापूस अडकला तर मशीन बंद करू देत नाहीत. चालू मशीनमध्ये हात घालून ओढायचा. तसं ओढताना त्याच्या करंगळीचं नख गेलं होतं. "बरंच झालं," तो म्हणाला, "आता तेवढं कापा नाई लागत." सगळे हसले. मी हसलो नाही. मी घरी जाऊन लिहायला बसलो.

एका बाजूला तेलुगू, एका बाजूला मराठी असं पत्रक झालं. दोन मिनिटं मशीन थांबलं तर मालकाचं काय बुडतं, आणि हात गेला तर तो परत कोण देणार, असं मी सरळ विचारलं होतं. मराठी बाजूला ठळक मथळा होता, 'आम्ही सरकी नाही!' खाली लिहिलं होतं, 'एक कामगार म्हणतो, आपण सरकी, बाजूला पडायचं. का म्हणून?' संघटनेत सगळ्यांना मथळा आवडला. नाव मी टाकलं नव्हतं. कामगाराचं नाव टाकायचं नसतं, हे मला पक्कं शिकवलेलं होतं. त्याला विचारायचं असतं, हे मला सुचलंही नाही.

सकाळी मिलच्या फाटकावर पत्रकं वाटली. मुकादम आमच्याच भागातला, मराठी वाचणारा. त्याने मथळा मोठ्याने वाचला, खालची ओळही वाचली. आजूबाजूचे सगळे वळून एकाच माणसाकडे बघायला लागले. त्याच्या हातात माझं पत्रक होतं आणि तो त्याची घडी घालत होता.

त्या मिलमध्ये कुणाला कामावरून काढत नाहीत. घेतल्याचाच कागद नसतो, तर काढणार कशातून? रोज सकाळी मुकादम फाटकावर नावं पुकारतो. ज्याचं पुकारलं तो आत. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर तो डबा घेऊन फाटकाशी उभा राहिला आणि डबा घेऊन परत आला.

मी अर्ज घेऊन लेबर ऑफिसात गेलो. तो कामावर होता याचा पुरावा आणा, म्हणाले. म्हणून सोबत काम करणाऱ्यांच्या सह्या मागत हिंडलो. रोज एका बाकावर चहा पिणारे मित्र, पण एकानेही सही दिली नाही. एक जण तर स्पष्टच बोलला, "काऊन, आता आमचं छापाचं हाय का?"

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी हॉटेलात त्याच्यासमोर बसून लढा, घेराव, कोर्ट असं बोलत राहिलो. त्याचा सदरा त्या दिवशी स्वच्छ होता. सवयीने त्याचा हात माझ्या कॉलरकडे आला आणि वेचायला काहीच नव्हतं म्हणून परत गेला. मग म्हणाला, "चांगलं लिवलं होतं तू. म्या वाचलं पुरं. पण बावा, ते मी तुले सांगतलं होतं."



भोवतालच्या मिलमधले मुकादम एकमेकांना ओळखतात. त्याला कुठेच काम मिळालं नाही. महिन्याभराने तो हैदराबादला गेला, एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून. आता मी हॉटेलात शिरलो की बाकावरचं बोलणं थांबतं आणि क्षणभराने क्रिकेट सुरू होतं. मशीन अजून थांबवत नाहीत. हे मला माहीत आहे, पण आता कुणी मला सांगत नाही.

हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. या वेळी विचारलं.

"नाव टाकून राह्यला का?"

"नाही."

"टाकलं तरी काय. अठी मले कोन वळखते?"

मागे गाडीचा हॉर्न वाजला. थांब म्हणाला आणि फोन चालू ठेवूनच खिशात टाकला. कागदाची चुरचुर ऐकू आली, मग फाटक सरकवल्याचा आवाज.