शेपूट धरून बसणाऱ्या नसीमबाई

नसीमबाईंच्या पुढ्यात चहा ठेवला की त्या आधी कपाकडे बघायच्या, मग ठेवणाऱ्याकडे, आणि मग विचारायच्या, "आज काऊन पाजून राह्यला, भाऊ?" जगात कोणी उगाच चहा पाजतो, यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

अहेरीच्या आमच्या कचेरीत त्या सर्व्हर सांभाळायच्या. आसपासच्या तालुक्यांतले संगणक त्याला जोडलेले. कोण आत शिरलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणाला दार बंद झालं, याची ओळ सर्व्हर आपणहून लॉग फाईलमध्ये लिहीत जातो. बाकीचे लोक ती फाईल काही बिघडल्यावर उघडतात. बाई मात्र रोज सकाळी काळ्या पडद्यावर 'टेल' अशी कमांड मारायच्या, पुढे एक आडवी रेघ, एफ आणि फाईलचं नाव. मग नवी ओळ लिहिली गेली रे गेली की पडद्यावर उमटायची, जुन्या वर सरकायच्या, आणि बाई चष्मा पुसून समोर बसायच्या. टेल म्हणजे शेपूट, हे मीच त्यांना सांगितलं आणि पस्तावलो. तेव्हापासून फोनवर कोणी "काय चालू हाय बाई?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "शेपूट धरून बसली आहो. तुम्हीच काही करून नाई राह्यले ना?"

कालची फाईल वाचा म्हटलं की नाक मुरडायच्या. "कालची लाइन शिळी. तिले आता काय इचारू? माह्यासमोर चालू दे, मंग बोलतो."

एका दसऱ्याला सकाळी मी त्यांना सोनं द्यायला कचेरीत गेलो. आमच्या सणांना ड्यूटी त्या स्वतः मागून घ्यायच्या. "सन तुमचा, खुर्ची माही. ईदले मंग तोंड लपवू नका." त्या दिवशी मात्र माझ्या हातातल्या आपट्याच्या पानांकडे त्यांनी बघितलंही नाही. पडद्यावर ओळींचा नुसता लोंढा लागला होता. मुलचेरा, नाव कोरं, प्रवेश नाकारला. मुलचेरा, नाव कोरं, प्रवेश नाकारला.

"सुबल," बाई दात आवळून म्हणाल्या. "चाबी त्याच्यापाशी हाय."

सुबल मुलचेऱ्याचा ऑपरेटर. बंगाली वस्तीतला, कंत्राटावरचा, अबोल, नुकतंच लग्न झालेला. तेवढ्यात साहेबही सोनं वाटत आले. पडदा बघितला आणि त्यांनी सरळ फोनकडे हात नेला. "बंद कचेरीतून सर्व्हर फोडतोय लेकाचा! पोलिसांतच देतो." आमच्या भागात असल्या भानगडीत पोलिसांत नाव गेलं की नोकरी तर जातेच, पण पुढे कोणी दारातही उभं करत नाही.

बाईंनी फोनवर पंजा ठेवला. "थांबा सायेब. शक मलेही त्याच्यावरच हाय. पन हे लाइन पाहा ना. एका चालीनं चालून राह्यली. मानूस असता तं थांबला असता, पानी प्याला असता."

"मग प्रोग्राम लावून गेला असेल."

"असन. पाहू." मग साहेबांकडे रोखून बघत, "पन तुम्हाले येवढी घाई काऊन?"

साहेब गोरेमोरे झाले.

मुलचेऱ्याचे हेडक्लार्क कचेरीच्या मागेच राहायचे. बाईंनी त्यांना फोन केला. त्यांच्याकरवी दुर्गापूजेच्या मांडवातून सुबलला चावीसकट बोलावून घेतलं. थोड्या वेळानं तिकडच्या कचेरीतून फोन आला. "सुबलले दारातच उभं ठेवा," बाईंनी हुकूम सोडला, "हात खिशात. भाऊ, तुम्ही एकटे आत पाहा."

"इथी कोनीच नाई बाई," हेडक्लार्क म्हणाले. "काल संध्याकाळची खंडेनवमीची पूजा हाय तशीच हाय."

मग उलगडलं. हत्यारांच्या पूजेला कचेरीतलं हत्यार म्हणजे संगणक. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती, आणि विझलेल्या देवाची पूजा कशी करायची म्हणून तो चालूच ठेवला होता.

"नारळ कुठी हाय?"

"कीबोर्डावर."

"उचला." ओळी थांबल्या. "ठेवा परत." ओळी धावायला लागल्या. "उचला." थांबल्या.

नारळ एंटरच्या बटणावर टेकला होता. मुलचेऱ्याचा नारळ नावगाव न सांगता रात्रभर आमचं दार ठोठावत होता! मी आणि साहेब पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत.

"नारळ ठेवला कोनं?"

"मीच, बाई."

"सुबल होता काय तवा?"

"नाई, तो दुपारीच मांडवात गेला होता. कुलूप लावून चाबी मीच तिथी नेऊन देल्ली."

तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या हातातलं सोनं घेतलं.

सुबल मात्र दुखावला. स्वतःच्याच कचेरीच्या दारात खिशात हात घालून उभं राहणं त्याला फार लागलं होतं. पुढे तो बाईंशी कामापुरतं बोलायचा. बाईंना ते कळायचं, पण कोणाची समजूत काढायला जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला सुबल मुलचेऱ्याहून बस पकडून आला. पिशवीतून नारळ काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो कानाशी धरून हलवला. "काऊन आनला?" सवयीनं विचारलं, आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "सुबल, त्या दिवशी माह्या मनात तू चोर होता. आज तोंडावर सांगतो."

"मालूम हाय, बाई," सुबल म्हणाला. "तुमाले शक होता, म्हनून तं तुमी पाह्यलं. बाकीच्याले शक नव्हता. त्याहीले खात्री होती."

बाजूच्या खुर्चीत साहेब चहाच्या कपात बघत बसले. नसीमबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच माझ्याकडे वळल्या.

"तू काय पाहून राह्यला, भाऊ?"