हिंगाशिवायचं सूप

माझी सून मेक्सिकोची. तिसऱ्या महिन्यात तिचं अन्नाशी वैरच झालं. पाणीसुद्धा पोटात टिकेना. सोमवारपर्यंत हेच चाललं तर ॲडमिट करून ड्रिप लावू, असं मिडवाइफने सांगितलं, आणि मी बॅग भरून इंग्लंडातल्या स्लाऊहून ब्रॅकनेलला त्यांच्या घरी येऊन ठेपले. याआधी तिला एकदा दिवस राहिले होते, ते टिकले नव्हते. त्यामुळे मी वरवर बडबडत असले तरी आतून पार घाबरले होते.

तिला एकच गोष्ट खावीशी वाटत होती, आईच्या हातचं झुकिनी आणि मक्याचं सूप. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश. शुक्रवारी मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मध्ये उभं राहून भाषांतर केलं. टोमॅटो, कांदा, लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, वाटायचे, ते वाटण तेलात परतायचं. मग पाणी, मक्याचे दाणे, झुकिनीच्या फोडी. मी मनात म्हटलं, वाटण परतायला आता मला कोण शिकवणार?

सूप झालं. सुनेने दोन चमचे घेतले, "छान आहे" म्हणाली आणि बाथरूमकडे धावली. शनिवारीही तेच. विहीणबाईंनी फोनवर पुन्हा एकेक पायरी विचारली, मीही सगळं सांगितलं. एक सोडून. तेल तापलं की माझा हात आपोआप हिंगाच्या डबीकडे जातो. पोटाला हिंग चांगला, त्यात सांगायचं काय?

रविवारी सकाळी मी तिसऱ्यांदा तेल तापवून हिंग टाकला. तेवढ्यात ती सोफ्यावरून उठून भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारात आली. स्वेटरची बाही नाकावर दाबलेली.

"आई, रागावू नका," ती म्हणाली. "हिंग नको. मला त्याचा वास कधीच नाही आवडला."

कधीच नाही. आणि पाच वर्षं ही माझी आमटी चाटूनपुसून खात होती! मला आधी राग आला तो तिचा. मग स्वतःचाच आला. सुनेला पाच वर्षं साधं 'नको' म्हणता येत नसेल, तर दोष काही एकट्या हिंगाचा नाही. मी डबी उचलली आणि बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवली. खिडक्या उघडल्या, कढई घासली आणि टोमॅटो भाजण्यापासून पुन्हा सुरुवात केली.

तिने लहान बाऊलभर सूप हळूहळू संपवलं. मग आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी तेवढ्यात कुलदेवीला तीन नवस बोलून बसले. तास उलटला तरी ती जागची उठली नव्हती. मग तिने बाऊल माझ्यापुढे केला.

"अजून थोडं सूप द्या," ती म्हणाली. "पण आई, मीठ कमी आहे."

सुनेने पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. मला इतकं हायसं वाटलं, की समोर असलेला मिठाचा डबा मला किती तरी वेळ दिसेना.