गोळी, यजमान आणि द्राक्षासव

यजमान पीत होते तेव्हा आमच्या घरात त्यांच्याइतका सतत विचार करणारं माणूस दुसरं नव्हतं. आज कोणाबरोबर बसायचं, वास कसा मारायचा, मला काय सांगायचं, काल काय सांगितलं होतं आणि ते आजच्याशी जुळतं का, हा सगळा व्याप सकाळी दाढी करतानाच त्यांच्या डोक्यात सुरू व्हायचा. भिंगारला लष्कराच्या डेपोत ते स्टोअरकीपर होते. त्यांच्या साठ्यात कधी खिळ्याचाही फरक येत नाही, असं साहेब म्हणायचे. मला त्याचं नवल वाटत नसे. घरी ते त्याहून अवघड मेळ रोज घालत होते.

मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मुलगी तिसरीत होती. लष्करी कॅन्टीनची रम भिंगारमध्ये कोणाला मिळत नाही असं नव्हतं, आणि यजमानांना तर ती सगळ्यांच्या आधी मिळे. एकदा ते भरदुपारी डेपोच्या फाटकातच सायकलवरून पडले आणि साहेबांनी शेवटची समज दिली. तेव्हा मी त्यांना बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले होते आणि पेशंटशी अजून परेडवर असल्यासारखे बोलत.

"ही गोळी दारू सोडवत नाही," ते म्हणाले. "गोळी घेऊन प्यालात तर हाल होतील. तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या. जिवावरसुद्धा बेतेल. ब्रँडी, खोकल्याचं औषध, काही चालणार नाही. गोळी बंद केली तरी आठ-पंधरा दिवस थेंबाला शिवायचं नाही. कबूल असेल तर चार दिवस कोरडे राहून या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बाई, तुम्ही ही चोरून चहात घालायची नाही."

मी नेमका तोच विचार करत होते.

यजमान खरंच चार दिवस कोरडे राहिले आणि गोळी सुरू झाली. रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची. पहिले काही आठवडे ते पेंगत असायचे. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागतं म्हणायचे. तोंडाला लसणासारखा वास येई. इतकी वर्षं रमचा वास हुंगण्यात तरबेज झालेल्या माझ्या नाकाला एकदम बेकारी आली. पण नाक काही ऐकेना. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून दारात जायची, आणि ते काही न बोलता माझ्या तोंडासमोर 'हा' करून आत यायचे.

पेंग उतरल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. एका रविवारी भाजी निवडत बसले होते. भाजी निवडताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "पूर्वी दिवसभर डोक्यात खटला चालायचा बघ. प्यावी, न प्यावी. दोन्हीकडचे वकील मीच. संध्याकाळपर्यंत दमून जायचो आणि मग दमलो म्हणून प्यायचो. आता सकाळी गोळी गिळली की निकाल लागला. दिवसभर कोर्ट बंद."

"मग बरंच की," मी म्हटलं.

"बरं कसलं? एवढ्या रिकाम्या डोक्याचं करायचं काय?"

त्या रिकाम्या डोक्याचा पहिला त्रास आम्हालाच झाला. आमटीत मीठ जास्त असतं हे त्यांना कळू लागलं. मुलीचा 'ळ' उलटा निघतो, शेजारी आपल्या नळाखाली बादली आधी लावतात, मी वाक्याच्या शेवटी 'असो' म्हणते आणि त्याचा अर्थ 'तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही' असा असतो, हे सगळं त्यांनी शोधून काढलं. पिणारा नवरा होता तेव्हा निदान माझी आमटी निर्दोष होती.

नको ते आठवूही लागलं. एकदा शाळेतून आले तर ते ओट्यावर बसलेले होते, डोळे लाल. माझं नाक आधी पुढे झालं. जवळ गेले तर म्हणाले, "वडलांच्या दहाव्याला मी होतो का?"

"होता की."

"काय करत होतो?"

काय सांगणार? गोदावरीच्या काठी पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघत होती, आणि हे मोटारीत झोपले होते. मी म्हटलं, "बसला होता." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पूर्वी माझं खोटं त्यांना ओळखू येत नसे. आता येऊ लागलं होतं. मग ते रडले. मी शेजारी बसून राहिले.

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. गावी, सोनईला विहीर आटली म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणे. त्यांच्या गळ्यात माळ होती, आणि दारूला त्या नावानंसुद्धा हाक मारत नसत, 'ते' म्हणत. लेकाला येताजाता ऐकवायच्या, "आमच्या घराण्यात कुनी त्याला हात लावला न्हाई. तुझ्यात कुठनं आलं?" त्यांच्या ट्रंकेत द्राक्षासवाच्या बाटल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावला की अर्धा पेला घ्यायच्या. वैद्यांनी पचनासाठी सांगितलं होतं म्हणे. कधी सांगितलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

गोळीमुळे यजमानांची भूक मेली होती. लेकाचं ताट भरलेलं उठतंय हे काही आईला बघवेना. एका संध्याकाळी मी मुलीचा अभ्यास घेत होते, तेव्हा आत्याबाईंनी आपल्या हातानं यजमानांना पेलाभर द्राक्षासव दिलं. आईनं दिलेलं औषध, त्यांनी गटकन घेतलं.

थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून आत्याबाईंची हाक आली. जाऊन बघते तर यजमान भिंतीला टेकलेले, तोंड लालबुंद, मानेच्या शिरा उडताहेत, श्वास लागलेला. मग उलट्या सुरू झाल्या. माझ्या डोक्यात एकच आलं आणि तेच तोंडातून गेलं: "कुठे प्यालात?"

"न्हाई गं, कुटंबी गेला न्हाई त्यो!" आत्याबाई ओरडल्या. "नजर लागली माझ्या लेकाला. मीठमोहऱ्या आन."

मी मीठमोहऱ्यांऐवजी शेजाऱ्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर बॅग घेऊन आले, त्यांनी नाडी धरली, इंजेक्शन दिलं आणि करड्या आवाजात विचारलं, "काय घेतलं?"

यजमान मान हलवत होते. डोळ्यांत पाणी होतं. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्यांना दिसत होतं, आणि ते खरंही होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी बाटली पुढे केली. "एवढंच दिलं बाबा मी. द्राक्षांचं हाय. ताकदीचं."

डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला. मग पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "आजी, आसव मुरतं तेव्हा त्यात आपोआप दारू तयार होते. थोडी, पण होते. ह्याला तेवढी पुरली. मी ब्रँडी, खोकल्याचं औषध, सगळं सांगितलं होतं. हे माझ्याही लक्षात आलं नाही."

आत्याबाईंनी बाटली परत घेऊन स्वतः हुंगली. "म्हंजी... मी रोज..."



दोन-तीन तासांत यजमान सावरले. मी त्यांची क्षमा मागायला हवी होती. पण त्यांची सगळी काळजी आईची होती. आत्याबाईंनी बाटल्या मोरीत ओतल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून दिवेलागणीला त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. मुलीवर उगाच ओरडायच्या, उठून ट्रंक उघडायच्या, झाकायच्या. यजमान डेपोतून आले की त्यांच्याजवळ जाऊन बसत. "आई, ह्या वेळेलाच लई वाटतं. उगं बसून राहा. जातं ते," असं म्हणत. आयुष्यात पहिल्यांदाच आईला लेकाचा सल्ला पटत होता. 'घराण्यात कुनी' हे वाक्य घरातून नाहीसं झालं.

पाऊस चांगला झाल्यावर आत्याबाई सोनईला गेल्या. वर्ष-दीड वर्षानं डॉक्टरांनी गोळी थांबवली. पहिल्या सकाळी यजमान नुसतं पाणी प्यायले आणि बराच वेळ पेला हातात धरून बसले. मला म्हणाले, "आता कोर्ट पुन्हा उघडणार."

उघडलंच. पुढच्या उन्हाळ्यात कोपरगावला त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. तिथून ते पिऊन आले. पूर्वीसारखं एकही कारण रचलं नव्हतं. दारातच चौकटीला टेकून म्हणाले, "वास घेऊ नकोस. प्यालोय. उद्या मी डॉक्टरांकडे जातो."

इतक्या वर्षांत ते पिऊन आले असताना ऐकायला मिळालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि मी त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही. सकाळी त्यांच्या मागोमाग निघून बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाआड उभी राहिले. ते खरंच दवाखान्याच्या बाकावर बसले होते, सगळ्यात आधी नंबर लावून. दुकानदार म्हणाला, "बाई, काय दाखवू?"

मी एक ब्लाउजपीस घेतला आणि शाळेत गेले.