पडलेली मोटर आणि पाणबुड्या जालिंदर

शिरूर कासारच्या पलीकडच्या आमच्या वाडीत जालिंदर गायसमुद्रेला सगळे पाणबुड्या म्हणायचे. म्हणायचे ते कौतुकानं. मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायच्या धंद्यात तो कामाला होता, आणि ज्या गावात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, तिथला माणूस समुद्राच्या तळाशी जातो, याचा लोकांना अभिमान वाटायचा.

तो तिथं पोचला कसा, तर उसामुळं. आई मालनबाईबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेला होता. तिथून एका ट्रकवाल्याबरोबर मालवणला गेला. गावच्या तलावात पोहायला शिकलेला, अंगानं काटक. मालकानं ठेवून घेतलं, शिकवलं, आणि चौथ्या महिन्यात पर्यटकांबरोबर खाली पाठवलं. ही २००९ सालची गोष्ट.

पुण्याची एक बाई त्याच्या हाताला धरून वीसेक फूट खाली गेली होती. जालिंदरच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. शिकवलेलं सगळं विसरला. त्या बाईचा हात झटकून तो एकटा वर आला. दुसऱ्या पाणबुड्यानं तिला आणलं. होडीत बसून ती खोकत होती, रडत होती. एवढंच म्हणाली, “तुम्ही हात सोडलात.”

मालकानं काढून टाकलं नाही. कंप्रेसरवर बसवलं. सिलिंडरमध्ये हवा भरायची, नळ्या धुवायच्या, ओले सूट वाळत घालायचे. त्यानंतर जालिंदर पाण्यात उतरला नाही. पण घरी आईला पाठवलेला फोटो त्याआधीचा होता, पाठीवर सिलिंडर बांधलेला. तो फोटो वाडीभर फिरला, आणि ‘आता मी कंप्रेसरवर असतो’ हे सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. दर एप्रिलला जयंतीला तो गावी यायचा. एका वर्षी बुद्धविहारापुढं त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मालकाच्या ऑफिसात परदेशी मासिकं असायची, कंप्युटरवर व्हिडिओ असायचे. तेच त्यानं सांगितलं, फक्त बघणारा माणूस बदलला.

“तांबड्या समुद्रात इंग्रजांचं एक मालजहाज हाय,” तो म्हणाला. “महायुद्धात बॉम्ब पडून बुडालं. त्याच्या पोटात आजबी मोटारसायकली उभ्या हायत. लष्करी बुटांचे ढीग हायत. मी एका मोटारसायकलीच्या हँडलला हात लावून आलोय.”

लोक पुढं सरकून ऐकायला लागले. मग तो थांबेना. प्रशांत महासागरातल्या एका खाडीत जपान्यांची कितीतरी जहाजं आडवी पडलेली. वानुआतू नावाच्या बेटाजवळ राजवाड्यासारखं एक मोठं जहाज सुरुंगावर आदळून बुडालेलं, आणि त्यात भिंतीवर चिनी मातीची एक बाई, घोड्यासारख्या जनावराशेजारी. जहाजं खरी होती. फक्त तो तिथं गेला नव्हता.

२०१६ च्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला. तलावात मासेमारीची सहकारी संस्था होती. चेअरमन सुंदररावांनी सभा घेऊन मासेमारी बंद केली आणि उरलेलं पाणी पिण्यासाठी राखलं. तलावाच्या कडेला संस्थेची विहीर होती. तिच्यात पंचवीस फूट पाणी होतं, आणि पाण्यातली मोटर तेच पाणी वाडीला चढवायची. मे महिन्यात दोर तुटला आणि मोटर तळाला जाऊन बसली.

गळ टाकून बघितले. मोटर दगडांच्या सांदीत अडकली होती, गळ लागेना. कुणीतरी खाली जाऊन दोर बांधायला हवा होता. सटवा मेंढपाळ पन्नाशीचा, पण दमाचा. तो म्हणाला, “कमरेला दोर बांधा, हातात दगड द्या. मी जातो.”

सुंदररावांनी अडवलं. “आपल्याकडं शिकलेला माणूस हाय. जहाजं बघून आलेला. तुझा जीव कशापायी घालायचा?”

सगळे जालिंदरच्या दारात आले. तो जयंतीला आलेला, अजून परतला नव्हता. तो म्हणाला, “मी गेलो असतो. पण सामान मालवणला हाय. सामानाबिगर खाली जाणं म्हंजे मरण.” त्याला वाटलं, एवढ्या लांब कोण जातंय.

संस्थेचे सचिव उत्तरेश्वर गेले. जीप घेऊन, त्याच दुपारी.

दोन दिवस लागले. ते दोन दिवस टँकर आलाच नाही. मालनबाई पहाटे उठून तीन मैलांवरच्या झऱ्याला जायची आणि परत येऊन म्हणायची, “उद्या माझा ल्योक पाणी काढतोय.” बाया तिला आधी भरू द्यायच्या. जालिंदर हे ऐकत घरात बसून राहिला. दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा नुसतं पाणी प्यायला. तेही तिनंच आणलेलं पाणी.

तिसऱ्या दिवशी जीप आली. उत्तरेश्वरांनी त्याला विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीमागं नेलं.

“मालक होडीवर गेलते. त्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी सामान दिलं,” ते हळू म्हणाले. “देताना बाई म्हणाल्या, जालिंदर सात वर्सं पाण्यात उतरलेला न्हाई. मी कुणाला बोललो न्हाई. तुला सांगायचं आसंल तर आत्ता सांग. मी संभाळून घेतो.”

एवढी वाट कुणी करून देत नाही. पण विहिरीवर सगळी वाडी उभी होती. जालिंदर म्हणाला, “उतरतो.”

सामान त्यानं झकास चढवलं. ते त्याला रोजचं होतं. लोखंडी पायऱ्यांनी खाली गेला. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. पायरी धरलेला हात सुटेना. वरून कुणी म्हणालं, “हां, जा जा.” त्यानं डोळे मिटले, डोकं पाण्यात घातलं, आणि लगेच बाहेर काढून पायरीला मिठी मारली. पाच मिनिटं तो तसाच राहिला. कुणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

वर आल्यावर तो बोलला. “मला जमत न्हाई. मी सिलिंडर भरतो. एकदा खाली गेलतो, तवा एका बाईचा हात सोडून पळालो. जहाजं मी बघितली न्हाईत. एकबी न्हाई.”

मालनबाई तिथंच होती. तिनं रिकामा हंडा उचलला आणि घराकडं चालू लागली.

सटवानं मुंडासं काढून ठेवलं. जालिंदर पुढं झाला. “सटवामामा, कान दुखाय लागलं तर नाक दाबून फुकायचं. दम संपायच्या आत दोर हिसका, मी वढतो.” सटवानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि कमरेला बांधलेला दोर त्याच्याच हातात दिला. तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला मोटरला दोर बसला. वर आला तेव्हा सटवाच्या नाकातून रक्त येत होतं. संध्याकाळच्या आत मोटर सुरू झाली.

मालनबाई आठ दिवस लेकाशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “खोटं बोललास त्याचं सोड. दोन दिस बाया आपल्या खोट्यापायी झऱ्याला गेल्या. मी त्यांच्यापुढं आधी हंडा भरला.”

तो सटवाकडं गेला, पाया पडायला. सटवा मेंढ्यांना पाला टाकत होता. पाय मागं घेत त्यानं विचारलं, “त्या मोटारसायकली हायत का खरंच तिथं?”

“हायत. दुसऱ्यांनी बघितल्यात.”

“मंग तसंच सांगायचं व्हतं. आमी ऐकलंच आसतं की बे.”

जालिंदर सामान घेऊन मालवणला परतला. अजून कंप्रेसरवरच आहे. दोन वर्षांनी मालकाचा हात धरून एकदा दहा फूट खाली जाऊन आला, पण ते त्यानं वाडीत कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते बीडच्या स्टँडवर, मी फार खोदून विचारलं तेव्हा. सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. तेवढ्यात शिरूरची गाडी लागली आणि पिशवी उचलून तो मागच्या बाकावर जाऊन बसला.