न उलटलेला बांगडा

थियाम काकांच्या घरी बांगडा उलटायचा नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी त्या दुपारी माझा हात गेलाच. वरची बाजू संपली होती, खालची तशीच होती, आणि आम्ही शेजारी पडलो कांदे पिकवणारी माणसं. आमच्याकडे मासा उलटला म्हणून कुणाचं काही बुडत नाही. काकांनी माझ्या जेवायच्या काड्या बशीवरच धरल्या.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरगा बोटीवर आहे."

समोर त्यांची सून लियान-ग्योक भात खात होती. तिने मान वर केली नाही. पोरगा म्हणजे तिचा नवरा, बून-हाय. भर समुद्रात तो बोटीवरून नाहीसा झाला, त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

ज्या घरचं माणूस समुद्रावर आहे, त्या घरात मासा उलटत नाहीत. मासा उलटला की बोट उलटते. वरचं मांस खायचं, मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि मग खालचं खायचं. आमच्या हेंगचुनच्या किनाऱ्यावर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस एकेकाळी मुद्दाम मासा उलटायचा. हिवाळ्यात आमच्याकडे डोंगरावरून समुद्राकडे वारा सुटतो. तो माझ्या कांद्याची पात आडवी करतो, दारं-खिडक्या खिळखिळ्या करतो. काका त्याच वाऱ्यावर पतंग सोडायचे. पतंगाच्या दोरीला डझनभर गळ, प्रत्येकाला चिमूटभर कोळंबी. पतंग लाटांच्या पलीकडे जायचा आणि गळ पाण्याला टेकून नाचत राहायचे. पतंगाने मान टाकली की समजायचं, बांगडे लागले. मग घाई न करता दोरी गुंडाळायची. होडी नाही, वल्हं नाही, पायात चपलासुद्धा नाहीत. बोटवाले पाहुणे जेवायला आले की काका त्यांच्या देखत बांगडा फडकन उलटायचे.

"माझं काय बुडणार? पतंग?"

पाहुणे शिव्या देत उठायचे. मी पोट धरून हसायचे.

बून-हायला मात्र पतंगाची लाज वाटायची. "सगळे म्हणतात, तुझा बाप अजून पोरखेळ खेळतो," असं म्हणून तो लांब पल्ल्याच्या मासेमारी बोटीवर गेला. त्या दिवसापासून काकांनी मासा उलटणं बंद केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत.

दोन वर्षांनी फोन आला. सकाळी हजेरी घेतली तेव्हा तो बोटीवर नव्हता. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. काकांनी फोन ठेवला, पतंग उचलला आणि किनाऱ्यावर गेले. वारा चांगला होता. सोळा बांगडे घेऊन आले आणि माझ्यासमोर बसून साफ केले. दुसऱ्या दिवशीही गेले. पाच वर्षं तसेच जात राहिले. मी त्यांना रडताना पाहिलं नाही, चिडतानाही नाही.

लियान-ग्योक न्याहारीच्या दुकानात कामाला होती. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या येंग-कीने तिला लग्नाचं विचारलं. कांद्याची काढणी झाली की तो काओश्युंग शहरात दुकान काढायला जाणार होता. तिला त्याच्याबरोबर जायचं होतं. पण त्याआधी बून-हाय मेला असं कोर्टाने म्हणायला हवं होतं, आणि अर्जावर काकांचा शिक्का, म्हणजे आमच्याकडची सही, नसला तरी चाललं असतं. ती ऐकेना.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच अर्ज देईन," तिने माझ्यासमोर सांगितलं.

"वारा पडतोय," काका म्हणाले आणि बाहेर गेले.

सगळा हिवाळा त्यांनी असाच काढला. शेवटी माझं डोकं फिरलं. मी किनाऱ्यावर त्यांना गाठलं.

"काका, ती छत्तीस वर्षांची झाली. किती दिवस अडवून ठेवणार तिला?"

"मी कुठे धरलंय?"

"मग तोंडाने एकदा हो म्हणा की! तोंडाला काय कुलूप लावलंय?"

त्यांनी दोरी हातावरून सोडली, पुन्हा धरली. तळव्यावर दोरीने पाडलेला जुना घट्टा होता.

"तुला वाटतं, मला दुःख होतंय म्हणून मी गप्प आहे. दुःख झालं असतं तर कधीच हो म्हटलं असतं गं. इथे दोरी लागली तर कळत नाही, तसंच आत. काहीच होत नाही. बापाला काहीच झालं नाही, तर पोरगा मेला असं कसं म्हणू?"

तरी मी बोलले, कारण मला गप्प बसता येत नाही. "तुम्हाला वाटेल तेव्हा वाटेल. तिचं वय तोवर थांबणार आहे का?"

ते दोरी गुंडाळू लागले.

काढणी संपायला चार दिवस उरले असताना त्यांनी मला दुपारी जेवायला बोलावलं. वारा संपत आला होता. गळाला एकच बांगडा लागला होता. मीठ लावून, तळून तो मधे ठेवला होता. आम्ही तिघं वरची बाजू खात गेलो. काटा दिसू लागला. आता काका तो उचलणार म्हणून मी बशीवरच्या काड्या मागे घेतल्या.

त्यांनी काड्या माशाखाली घातल्या. सवय मोडली होती, कातडं फाटलं. त्यांनी काड्या ठेवल्या आणि बोटांनी बांगडा उलटला.

लियान-ग्योकच्या हातातला वाडगा टेबलावर आपटला. "बाबा," एवढंच ती म्हणाली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली. मीही रडले, मला त्याची लाज नाही.

काका रडले नाहीत. ते बशीकडे बघत होते.

"उतर रे आता बोटीवरून," ते म्हणाले. "घरी ये."

मग पोटाकडचा मऊ तुकडा काढून त्यांनी सुनेच्या भातावर ठेवला.

"खा. आणि जाताना माझा शिक्का घेऊन जा."